दीर्घिकांच्या शेपट्या
भोंडल्यामुळे ओळखीचं झालेलं हस्त नक्षत्र वैशाखात रात्री दक्षिणेला चांगलं वर आलेलं असतं. त्याच्याच कडेला, दुर्बिणीशिवाय न दिसणाऱ्या दोन दीर्घिका एकमेकींत घुसल्या आहेत: एनजीसी ४०३८ आणि ४०३९. दोघींतून लांबलचक, बारीक, वाकलेल्या शेपट्या निघतात. कीटकाच्या मिशांसारख्या, म्हणून नाव 'अँटेनी'.

टक्कर म्हटलं की चक्काचूर डोळ्यांपुढे येतो. इथे तसं होत नाही. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारीसुद्धा सव्वाचार प्रकाशवर्षं दूर आहे. इतक्या विरळ वस्तीत तारा ताऱ्यावर आपटणं जवळजवळ अशक्यच. आपटतात ते वायूचे ढग, आणि ते दाबले गेले की नव्या ताऱ्यांची झुंबड उडते. शेपट्या मात्र भरतीच्या बळाने निघतात. अलीकडच्या बाजूला ओढ जास्त, पलीकडे कमी; त्या फरकाने फिरती तबकडी ताणली जाते. एवढ्या सडपातळ शेपट्या निव्वळ गुरुत्वाकर्षणाने निघू शकतात, हे आलार आणि युरी तूमरे या भावांनी १९७२ साली संगणकावर दाखवून दिलं.

मला मात्र त्यांच्याही आधीचा एरिक होल्मबर्ग फार मोठा वाटतो. साल १९४१, देश स्वीडन, आणि संगणक नाही. प्रकाश काय किंवा गुरुत्वाकर्षण काय, अंतर दुप्पट झालं की चौथाईवर येतं. एवढं साम्य हाताशी धरून त्याने दिवे मांडले, प्रत्येक दीर्घिकेसाठी ३७. एकेका दिव्याच्या जागी कुठल्या दिशेने किती प्रकाश पडतो ते मोजायचं, तीच ओढ मानून दिवा जरासा सरकवायचा, आणि पुन्हा सगळी मोजमापं. कोट्यवधी वर्षांची घटना या माणसाने हाताने पुढे सरकवली!

आकाशात ती आपल्याला थबकलेलीच दिसते. म्हणूनच हे आकार मला विकृती वाटत नाहीत. घडलेल्या गोष्टीचा तेवढाच पुरावा आपल्याकडे आहे. हॉल्टन आर्पने १९६६ मध्ये अशा ३३८ चमत्कारिक आकारांची चित्रसूची छापली. तूमरे बंधूंनंतर त्यांतल्या अनेकांचा उलगडा होऊ लागला. लांब शेपटी दिसली की दोघी एकमेकींना वळसा घालून गेल्या असाव्यात. 'कार्टव्हील'सारखं कडं दिसलं, तर दुसरी तबकडीच्या मधोमध आरपार गेलेली.

आपली आकाशगंगा आणि देवयानी यांचं असं काही होईलच, हे आता तितकं पक्कं राहिलेलं नाही. मोठ्या मॅगेलन मेघाची ओढ हिशेबात धरून २०२५ साली केलेल्या गणितानुसार, पुढच्या १,००० कोटी वर्षांत त्या एकत्र येण्याची शक्यता जेमतेम निम्मी आहे.