बस नको, मोटार मात्र दारातच

बसडेपो कुठेही वाढवा, पण जुळे सोलापुरात नको, असं माझे एक स्नेही ठासून सांगतात. ते निवृत्त अभियंते आहेत, त्यामुळे त्यांच्या नकारालाही आकडेमोडीचा थाट असतो. केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेतून सोलापूरला विजेच्या १०० गाड्या मंजूर झाल्यापासून त्यांचा सूर चढलाय. शंभर बस म्हणजे दिवसाला शेकडो फेऱ्या, विजापूर रोड तुंबणार, आसरा पुलाकडे रांगा लागणार, आणि मग आम्ही आमच्या गाड्या लावायच्या कुठे? शेवटचा प्रश्न ते जरा हळू आवाजात विचारतात. खरं दुखणं तिथंच आहे.

आधी गर्दीचा हिशेब करू. सगळ्याच्या सगळ्या शंभर गाड्या एकाच डेपोतून पहाटे पाच ते सातच्या दरम्यान बाहेर पडल्या असं धरलं, तरी मिनिटाला एक बससुद्धा होत नाही. शाळा भरताना आणि सुटताना याच रस्त्यांवर दुचाकी, रिक्षा आणि व्हॅनची जी झुंबड उडते, तिची मोजदाद कोणी मागितल्याचं ऐकलं नाही. स्नेह्यांचा तोडगा असा, की डेपो गावाबाहेर न्या. दहा किलोमीटर बाहेर नेला, तर प्रत्येक बस रोज वीस किलोमीटर रिकामी धावणार. शंभर बसचे दोन हजार किलोमीटर, एकाही प्रवाशाविना. ही चैन सोलापूरच्या परिवहन उपक्रमाला परवडेल, असं त्यांच्यातल्या अभियंत्याला खरंच वाटतं का?

शिवाय डेपोतून सुटणाऱ्या बसची कोंडी या शहरानं पाहिलीय तरी कधी? केंद्राच्या जेएनएनयूआरएम या जुन्या नागरी योजनेतून आलेल्या गाड्यांपैकी ९९ गाड्या चासीला तडे गेले म्हणून जागेवरच बसल्या. डेपो हे बंद बसचं वाहनतळ झालं, तेव्हा वाहतुकीला अडथळा होतो म्हणून कोणी निवेदन दिलं नाही. उभ्या बसचा त्रास नाही, चालत्या बसचा आहे. मोटारींच्या बाबतीत नेमकं उलटं आहे, आणि इथं मला डोनाल्ड शूप आठवतात.

शूप हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत नगरनियोजन शिकवायचे. मोटारींच्या त्या राजधानीत स्वतः सायकलवरून कामाला जायचे. २०२५ च्या फेब्रुवारीत ते गेले. फुकट पार्किंगची खरी किंमत काय, या एकाच प्रश्नावर त्यांनी २००५ साली शेकडो पानांचा ग्रंथ लिहिला. मोटार आयुष्यातला सुमारे ९५ टक्के वेळ उभीच असते, म्हणून वाहतुकीचा अभ्यास चाकं थांबतात तिथून सुरू करायला हवा, हे त्यांनी नियोजनकारांच्या गळी उतरवलं. पार्किंग फुकट कधीच नसतं. त्याचं भाडं घराच्या किमतीत, किराणा मालात, हॉटेलच्या बिलात मुरलेलं असतं. ज्याच्याकडे मोटार नाही, तोही ते भरतो. आपल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही किती बांधकामाला किती गाड्यांची जागा ठेवायची याचे तक्ते आहेत. बसथांब्यापासून घर किती लांब असावं, यावर मात्र बिल्डरला कोणी अडवत नाही. शूप यांचा उपाय अगदी बाजारी होता. रस्त्याकडेच्या जागेचा दर असा ठेवा की कुठल्याही वेळी एखाद-दुसरी जागा मोकळी सापडावी, आणि आलेला पैसा त्याच भागावर खर्च करा. जमिनीच्या भाड्यावर समाजाचा हक्क सांगणाऱ्या हेन्री जॉर्जचा हा नातूच म्हणायचा.

हे आपल्याकडे चालायचं नाही, असं स्नेही म्हणणार. त्यांच्या हाताशी पुण्याचा दाखला आहे. २०१८ मध्ये तिथं पार्किंग धोरण मंजूर झालं, पण विरोध होताच ते मोजक्या रस्त्यांपुरतं उरलं आणि पुढे बासनात गेलं. २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी नवी मोटार घेण्याआधी पार्किंगच्या जागेचा पुरावा मागण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हाही हाच ओरडा झाला. दारातला सार्वजनिक रस्ता आपल्याला आंदण मिळालाय, ही समजूत सर्वपक्षीय आहे.

इथवर मी डेपोचा वकील होतो. पण विजेच्या बसनं माझाच मुद्दा थोडा पातळ केलाय. डिझेलची बस एकदा टाकी भरून दिवस काढते. विजेच्या बसला दुपारी पुन्हा चार्जिंगला परतावं लागू शकतं, म्हणजे डेपोच्या दारातली ये-जा वाढते, आणि तीही पहाटे नव्हे, भरदिवसा. दुसरं, पहिली बस काढायला येणारा ड्रायव्हर बसनं येऊच शकत नाही, कारण पहिली बस तोच काढणार असतो. तो, कंडक्टर, मेकॅनिक, धुलाईवाले सगळे दुचाकीवर येणार. त्या दुचाक्या आत मावल्या नाहीत तर शेजारच्या गल्लीत लागणार. या दोन बाबतींत स्नेह्यांचा हिशेब माझ्याहून पक्का आहे.

त्याहून मोठी भीती त्यांनी बोलून दाखवलेली नाही. डेपोची जागा वाढली की तोटा भरून काढायला तिथं गाळे आणि वाहनतळ काढायची हौस येते. बंगळुरूनं शांतिनगरला बसस्थानकावर मोटारींसाठी मजले चढवले. लोक बसनं यावेत म्हणून बांधलेल्या जागेकडे मोटारींना आवतण! मुंबईत बेस्टच्या डेपोंच्या जमिनी विकासकांकडे गेल्या, तेव्हाही बसचं भलं करण्याचंच कारण पुढे होतं. असा डेपो जुळे सोलापुरात आला तर मीही स्नेह्यांच्या निवेदनावर सही करीन.

पण निवेदनात काय लिहायचं ते मी सांगणार. डेपोचं दार मुख्य रस्त्यावर नको, आणि वळणासाठी लागणारी जागा आतल्या हद्दीतून काढा. कर्मचाऱ्यांच्या दुचाक्या आत लावा. दुपारच्या चार्जिंगच्या पाळ्या शाळा सुटण्याच्या वेळेशी भिडू देऊ नका. गाळे नकोत. आणि डेपोभोवतीच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये रस्त्याकडेच्या मोटारींना तासाचा दर लावा, ती रक्कम बससेवेला द्या. पहिल्या चार मागण्या स्नेह्यांना ताबडतोब पटल्या. पाचवीबद्दल सोसायटीची सभा बोलवावी लागेल, म्हणाले.