नीलमातल्या सुया

हिऱ्याचे बरे असते. त्याच्या रंगाला आणि स्वच्छतेला अक्षरे ठरलेली आहेत. मुंबईच्या व्यापाऱ्याने उच्चारलेली प्रत अँटवर्पमध्ये तशीच कळते. रंगीत खड्यांना अशी सर्वमान्य मोजपट्टी नाही. प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र खडा अस्सल आहे का, भट्टीत तापवलेला आहे का, कुठल्या मुलुखातला असावा, एवढे सांगते. तो देखणा आहे का, हे ज्याचे त्याने पाहायचे.

नीलमच घ्या. तो दिवसाउजेडी, शक्यतो उत्तरेच्या खिडकीशी पाहावा. पिवळ्या दिव्याखाली निळा रंग काळवंडतो आणि दुकानातल्या पांढऱ्या झगझगाटात आहे त्याहून खुलतो. फार गडद खडा संध्याकाळी बोटावर काळाच दिसतो. मधोमध आरपार दिसत असेल, तर पैलू पाडणाऱ्याचा कोन चुकला आहे. श्रीलंकेतल्या कारागिरांची एक करामत ठाऊक असावी. कच्च्या खड्यात निळा रंग एका कोपऱ्यापुरताच असेल, तर तो तळाच्या टोकाशी येईल अशा बेताने ते खडा घडवतात. समोरून पाहिला की सगळा निळा, आडवा धरला की बराचसा पांढरा. यात लबाडी नाही, हुन्नर आहे. फक्त त्यासाठी खड्याचे बूड जाड राहते आणि त्या बुडाचे पैसेही कॅरटच्याच भावाने मोजावे लागतात.

मला सगळ्यात नवल वाटते ते नीलमाच्या आतल्या सुयांचे. रुटाइल नावाच्या टायटॅनियमच्या खनिजाचे हे तंतू केसाहून कितीतरी बारीक असतात आणि खड्यात ठरावीक तीन दिशांनी एकमेकांना छेदत जातात. व्यापारी त्यांना सिल्क म्हणतात. विरळ असले तर भिंगाशिवाय दिसत नाहीत. दाटले की खडा दुधाळ होतो, त्याचे तेज जाते. पैलूदार खड्यात हा दोषच. पण तोच दुधाळ दगड पैलू न पाडता वरून गोल घासला, तर सुयांवरून परतणाऱ्या उजेडाचा सहा किरणांचा तारा त्यावर उमटतो. न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयातला ‘स्टार ऑफ इंडिया’ हा 563 कॅरटचा नीलम याच सुयांमुळे प्रसिद्ध झाला. (नावात भारत असला तरी खडा श्रीलंकेचा.) काश्मीरच्या नीलमाचे आणखी वेगळे. पाडर भागात, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर, 1881च्या सुमारास दरड कोसळली आणि हे खडे उघडे पडले. उत्तम माल पुढच्या सहा-सात वर्षांतच निघून गेला. त्या खड्यांतल्या अतिसूक्ष्म कणांवर उजेड विखुरतो आणि निळ्या रंगाला मखमली मऊपणा येतो. अगदी नितळ असते, तर ही मखमल दिसली नसती.

नीलम ज्या खनिजाचा असतो, त्या कुरुंदाच्या दुधाळ, धुरकट खड्याला श्रीलंकेत गेउडा म्हणतात. त्याला फारशी किंमत नव्हती. 1970च्या दशकात थाई व्यापारी हा माल स्वस्तात नेऊ लागले. त्यांनी तो भट्टीत दीड हजार अंशांच्या वर तापवला. त्या आचेत सुया विरघळतात, त्यांतले टायटॅनियम खड्यातल्या लोहाशी जोडी जमवते आणि निळा रंग प्रकटतो. ज्या सुयांमुळे खड्याला कमी लेखले गेले, त्यांच्याच पोटात त्याचा निळा रंग होता. श्रीलंकेच्या लोकांना हे कळेपर्यंत बराच माल बँकॉकला पोचला होता.

आता या सुया साक्षीलाही उभ्या राहतात. प्रयोगशाळेतला तपासनीस सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनाच शोधतो. त्या अखंड, टोकदार असतील, तर खड्याने भट्टीची मोठी आच पाहिलेली नाही. तुटून ठिपक्यांच्या रांगा झाल्या असतील, तर पाहिली आहे. नुसत्या डोळ्यांना जुळे वाटणारे दोन नीलम या एका कारणाने भावात दूर जातात. मोठ्या, उत्तम खड्यांत तफावत दुपटीहूनही अधिक होते.

आपल्याकडे नीलमाचा गिऱ्हाईक बहुधा सौंदर्यासाठी आलेलाच नसतो. शनीसाठी आलेला असतो. आधी उशीखाली ठेवून लाभतो का ते पाहायचे, मग शनिवारी मधल्या बोटात घालायचा. ‘तापवलेला नाही ना?’ हा त्याचाही पहिला प्रश्न, कारण भट्टीत गेलेल्या खड्याचा गुण जातो असे त्याला सांगितलेले असते. जमिनीखाली हा खडा घडला तोही शेकडो अंशांच्या उष्णतेतच. ती आच मात्र कोणी मोजत नाही. माझे मत विचाराल, तर न तापवलेल्या निस्तेज खड्यापेक्षा तापवलेला टवटवीत निळा खडा मी आनंदाने घेईन. भट्टीने आणलेला हा रंग उडत नाही. तापवण्याची बाब पावतीवर स्वच्छ लिहून द्यावी, एवढेच सराफाकडे मागणे. काच भरून भेगा बुजवलेल्या खड्याची गोष्ट निराळी; तो नीलमाच्या भावात विकणे ही सरळ फसवणूक आहे.

श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर बेरुवला गाव आहे. तिथल्या रत्नबाजारात आज गेउडा पारखूनच घेतला जातो. खडा उजेडासमोर धरतात; डिझेलसारखी पिवळसर झाक आणि तिरप्या नजरेला निळसर लकेर दिसली की भाव चढतो. जो रंग अजून आलेलाच नाही, त्याची घासाघीस चालते. भट्टीत खडा तडकला किंवा निळा न होता धुरकटच राहिला, तर नुकसान घेणाऱ्याचे.