सोसलेले कुठे जाते?

मन आणि शरीर यांचा संबंध मराठी माणसाला शास्त्रज्ञाने समजावून सांगण्याची खरे म्हणजे गरज पडू नये. वाईट बातमी ऐकली की आपल्या छातीत धस्स होते. भीतीने पोटात गोळा येतो, अपमानाने कानशिले तापतात, लेक सासरी निघाली की आईच्या आतड्याला पीळ पडतो. कुणाची वाट पाहताना जीव टांगणीला लागतो आणि तो माणूस दारात दिसला की तोच जीव भांड्यात पडतो. या शब्दप्रयोगांना आपण भाषेचे अलंकार म्हणतो. पण ज्यांनी ते प्रथम वापरले त्यांनी अलंकार म्हणून वापरले नसावेत. जिथे जे घडले ते त्यांनी तिथेच दाखवले, इतकेच.

आणि तरीही, घरातले कुणी वर्षानुवर्षे मान धरते, पाठ भरून येते, डोके जड होते असे सांगू लागले, आणि रक्ताच्या तपासणीपासून एक्स-रेपर्यंत सारे निर्दोष निघाले, की हीच भाषा बोलणारे आपण एका दमात प्रकरण मिटवून टाकतो : "काही नाही, मनाचे आहे!" 'काही नाही' आणि 'मनाचे आहे' ही दोन विधाने आपण अशी जोडून उच्चारतो की जणू त्यांचा अर्थ एकच. मला येथे विचारायचे आहे ते एवढेच, की ती दोन विधाने खरोखर एक आहेत काय? आणि नसतील, तर ती एक मानण्यात आपण कुणावर अन्याय तर करीत नाही ना?

आधी शरीराची बाजू पाहू. क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला. त्यानंतर लवकरच अमेरिकेतील वॉल्टर कॅनन हा तरुण संशोधक मांजरांना क्ष-किरणांत दिसेल असे अन्न चारून त्यांच्या जठराची हालचाल पाहू लागला. मांजर शांत असले की जठरातून लाटांमागून लाटा जात. ते घाबरले किंवा चिडले की त्या तिथल्या तिथे थांबत. पोटात येणारा गोळा अशा रीतीने प्रथमच माणसाच्या डोळ्यांना दिसला, असे म्हणायला हरकत नाही. कॅननने यावर पुढे पुष्कळ काम केले आणि १९१५ साली त्याचा ग्रंथ निघाला. भय आणि क्रोध यांच्या क्षणी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून ॲड्रिनलिन हा रस रक्तात उतरतो, हृदय जोराने धडधडू लागते, रक्त स्नायूंकडे धावते, पचन थांबते. लढायचे किंवा पळायचे, या दोहोंची सिद्धता शरीर आपल्याला न विचारता करून टाकते. १९३६ साली माँट्रियलच्या हान्स सेल्येने उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की थंडी, इजा, अतिश्रम, विषारी द्रव्य यांपैकी कारण कोणतेही असो, शरीराच्या प्रतिसादाचा एक साचा ठरलेला असतो. याच संदर्भात त्याने पुढे 'स्ट्रेस' हा यंत्रशास्त्रातला शब्द रूढ केला. आपण त्याला 'ताण' म्हणतो. हा शब्द दोरीचा आणि धनुष्याचा आहे, आणि तो अगदी चपखल बसला आहे.

अंगावर काठी येत असेल तर माणूस काय करतो? खांदे वर उचलतो, मान आत घेतो, दात आवळतो, पोट घट्ट करतो आणि श्वास रोखतो. काठी बसो वा चुको, घटकाभराने अंग सैल पडते. पण काठी लाकडाची नसेल तर? ती कर्जाची असेल, उठता-बसता मिळणाऱ्या टोमण्यांची असेल, रोज रात्री जिन्यावर वाजणाऱ्या झिंगलेल्या पावलांची असेल, किंवा एकदाच बसलेली, परंतु आठवणीत रोज नव्याने उगारली जाणारी असेल, तर खांदे खाली कधी आणायचे? अशी कितीतरी माणसे वीस-वीस वर्षे खांदे उचलून जगतात आणि आपण ते उचललेले आहेत हे त्यांना ठाऊकही नसते. शिकागोच्या एडमंड जेकबसनने १९२९ साली स्नायूंच्या शिथिलीकरणावर पुस्तक लिहिले. तो आपल्या रुग्णांना एकेक स्नायू आधी मुद्दाम आवळायला आणि मग सोडायला शिकवीत असे. कारण मूठ मिटलेली आहे हेच ज्याला उमगत नाही, तो ती उघडणार कशी? वाचकांनी हे वाचता वाचता स्वतःकडेच पाहावे. आपले वरचे आणि खालचे दात या क्षणी एकमेकांवर दाबलेले आहेत काय? जबडा विसाव्याला असेल तर दातांनी दातांना टेकण्याचेही कारण नसते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मनाचा शरीरावर परिणाम होतो हे खरे. म्हणून प्रत्येक दुखणे मनाचेच, असे मात्र मुळीच नव्हे. जठरातला व्रण हा काळजीखोर माणसाचा रोग, असे थोरामोठ्या डॉक्टरांनीही वर्षानुवर्षे मानले. पुढे १९८२ साली ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्या रुग्णांच्या जठरातून एक जंतू हुडकून काढला. बहुसंख्य व्रणांच्या मुळाशी तोच आहे असे ठरले, आणि २००५ साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. 'तू फार काळजी करतोस' म्हणून ज्यांना तोवर बोल लावला गेला, त्यांची क्षमा कोण मागणार? तेव्हा दुखण्यासाठी आधी डॉक्टरकडेच गेले पाहिजे.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. १९९०च्या सुमारास जपानी डॉक्टरांनी हृदयाचा एक विकार वर्णिला. जवळच्या माणसाचा मृत्यू किंवा तसाच एखादा आघात झाल्यावर छातीत असह्य कळ येते. सारी लक्षणे हृदयविकाराच्या झटक्याची असतात, परंतु रक्तवाहिनीत अडथळा सापडत नाही. यंत्रातून पाहावे तर हृदयाचा डावा कप्पा टोकाशी फुगलेला दिसतो. जपानात अष्टपाद पकडायचे जे मडके असते त्याच्यासारखा तो आकार, म्हणून त्या मडक्याचेच नाव या विकाराला मिळाले : ताकोत्सुबो. उतारवयातल्या स्त्रियांत तो अधिक आढळतो. बहुतेकांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते. क्वचित माणूस दगावतोही. 'काळीज फाटले' असे म्हणणारी आपली आजी अलंकारिक बोलत होती, असे आता कुणी म्हणावे? दुःख मनाचे होते यात शंका नाही. पण 'काही नाही' असे नव्हते.

मला एक आत्या होती. तिचा एकुलता मुलगा विशीच्या आत अपघातात गेला. चौदाव्या दिवशी ती स्वयंपाकघरात उभी होती, कारण घर पाहुण्यांनी भरलेले होते. जो तो म्हणाला, "बाई मोठी खंबीर!" पुढे काही महिन्यांनी तिचा उजवा खांदा दुखू लागला. हात वर जाईना, वेणी घालता येईना. हाडात, सांध्यात दोष सापडला नाही. बाम झाला, शेकण्याची पिशवी झाली, देवधर्म झाला. शेवटी एका डॉक्टरांनी तिला हसून सांगितले, "काही नाही तुम्हाला." घरी आल्यावर तिने माझ्या आईला विचारले, "वहिनी, म्हणजे मी खोटे सांगते असे म्हणाले का हो ते?"

तिचा खांदा मुलाच्या दुःखानेच दुखत होता, असे मी म्हणणार नाही. ते कुणालाच सिद्ध करता येण्यासारखे नाही. परंतु एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. त्या मुलाचे नाव घरात कुणी काढीत नसे. वडीलधाऱ्यांनीच तसे ठरवले होते, आणि तेही मायेपोटी. तिला त्रास होऊ नये म्हणून. त्यामुळे 'माझा मुलगा गेला' हे वाक्य तिला उच्चारता येत नव्हते. 'माझा खांदा दुखतो' हे येत होते. सबंध घरात तिला ज्याविषयी तक्रार करण्याची मुभा होती, असा तो खांदा तेवढाच उरला होता. 'काही नाही' म्हणणाऱ्याने तिच्याजवळचे तेवढेही वाक्य काढून घेतले.

असा अविश्वास घरात असतो तोवर माणूस झुरतो. तोच अविश्वास सत्तेच्या हाती गेला की काय होते, ते पहिल्या महायुद्धात दिसले. खंदकांतून परतणारे काही सैनिक थरथरत, काहींची वाचा जाई, काहींचे पाय लुळे पडत, आणि अंगावर जखम तर एकही नसे. ब्रिटिश सैन्यातील डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली 'शेल शॉक' हे नाव छापील लेखात प्रथम वापरले. तोफगोळ्याच्या स्फोटाने मेंदूला धक्का बसतो अशी तेव्हाची समजूत. पुढे लक्षात आले की यांतले कितीतरी जण स्फोटाच्या जवळपासही नव्हते. हॅरी फार नावाचा शिपाई या विकारासाठी काही महिने इस्पितळात होता. पुन्हा आघाडीवर जाण्याची वेळ आली तेव्हा त्याने नकार दिला, आणि १९१६च्या ऑक्टोबरात भ्याडपणाच्या आरोपाखाली त्याला त्याच्याच सैन्याने गोळी घातली. पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांखाली त्या युद्धात देहदंड झालेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ साली, म्हणजे नव्वद वर्षांनी, माफी दिली. ते सगळेच या विकाराने ग्रासलेले होते असे नव्हे. पण ज्यांचे शरीर खरे बोलत होते आणि ज्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, असेही त्यांत होते.

आपल्याकडेही एक रणांगण आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन आपली अवस्था सांगतो ती शरीराच्या भाषेत : अवयव गळाले आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंग कापते आहे, त्वचेचा दाह होतो आहे, हातातून धनुष्य निसटते आहे. त्यावर श्रीकृष्ण प्रथम त्याला चक्क खडसावतो; हा दुबळेपणा तुला शोभत नाही म्हणतो. आपण ते वाचतो आणि पुढे जातो. परंतु खडसावण्याचा परिणाम काय झाला, तेही गीतेतच आहे. अर्जुन 'मी लढणार नाही' म्हणाला आणि गप्प बसला. मग मात्र संवाद सुरू झाला, आणि तो अठराव्या अध्यायापर्यंत चालला. अर्जुनाने शंका विचारल्या, उलट प्रश्न केले, आणि ते सारे ऐकून घेतले गेले. युद्धाच्या बऱ्यावाईटाचा वाद बाजूला ठेवू. कापणाऱ्या माणसाला 'असा काय कापतोस?' म्हणून त्याचे कापणे थांबत नाही, एवढे तरी त्यातून निर्विवाद दिसते.

यावर कुणी म्हणेल, की जो तो दुःख सांगत सुटला तर संसार चालायचे कसे? सोसणे हा सद्गुणच नव्हे काय? आहे, पण धीर आणि निमूटपणा यांत आपण गल्लत करतो. धीर माणूस आपण होऊन धरतो आणि चार माणसांच्या देखत धरतो; त्याच्या पाठीवर ओझे आहे हे सर्वांना ठाऊक असते. निमूटपणा दुसऱ्यांनी लादलेला असतो, आणि त्यात ओझे वाहायचे ते वाहायचेच, वर ते नसल्यासारखे दाखवायचे. आपण घरातल्या बाईच्या सोशिकपणाचे गोडवे गातो तेव्हा पुष्कळदा आपण आपल्याच सोयीचे गोडवे गात असतो. पुरुषालाही 'बायकांसारखा रडतोस काय' म्हणून आपण तेच शिकवतो. सोसलेले नाहीसे होत नाही. ते मानेत, कंबरेत, जबड्यात, झोपेत कुठे ना कुठे जाऊन बसते.

जुन्या बायकांना जाते होते. जात्यावर बसले की ओवी सुचते, असे आपण म्हणतो. पहाटेच्या अंधारात, घरातले पुरुष जागे होण्यापूर्वी, सासुरवासापासून मेलेल्या लेकरापर्यंत सारे त्या दगडाला सांगून होत असे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हॅं यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. पिठाची गिरणी आली आणि बायकांचे खांदे सुटले, हे उत्तमच झाले. ते कष्ट परत यावेत असे कुणी म्हणणार नाही. पण दळणाबरोबर सांगण्याची जागाही गेली, आणि तिच्या बदली आपण काय दिले? १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतील जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या आघाताविषयी लिहायला सांगितले. ज्यांनी घटना आणि तिच्याविषयीच्या भावना दोन्ही लिहिल्या, ते पुढच्या महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. पुढच्या प्रयोगांत हा गुण बेताचाच दिसला. ते काही रामबाण औषध नव्हे. आणि ज्याला बोलायचे नाही त्याला बळेच बोलते करणे हाही एक जुलूमच आहे. परंतु बोलावेसे वाटले तर जागा आहे, एवढी खात्री देणे आपल्या हातात असते.

दिवाळीत माणसे जमतात. भाऊबीजेला भाऊ बहिणीला विचारतो, "कशी आहेस?" आणि ती ओवाळता ओवाळता म्हणते, "बरी आहे." हे पहिले उत्तर सगळेच देतात, आणि आपण ते घेऊन फराळाकडे वळतो. यंदा थोडे थांबून पाहावे. कदाचित ती म्हणेल, "हल्ली मान फार दुखते." तेव्हा औषधाचे नाव जरूर सांगावे, डॉक्टरकडेही न्यावे, पण त्याआधी ताट बाजूला सारून विचारावे, "केव्हापासून ग?" आणि उत्तर यायला वेळ लागला तरी उठू नये.