बिल्ला लावण्यापूर्वी



अशोक विजयादशमी जवळ आली की आपल्या वस्त्यावस्त्यांतून बैठका बसतात. मांडव कोणाचा, लाऊडस्पीकर कोणाचा, पाहुणे कोण, यावर रात्र रात्र खल होतो. स्वयंसेवकांचा प्रश्न मात्र "पोरं आहेत की" एवढ्यावर मिटतो. गेल्या वर्षी मीही तसेच केले. मी पडलो शिक्षक, हजेरीपट भरणे अंगवळणी पडलेले. आमच्या विहारातील दीक्षा समारंभासाठी एका रात्रीत ४२ नावे लिहिली आणि यादी भिंतीवर डकवली. समारंभाच्या सकाळी आले ११ जण. मी संतापलो. तेव्हा एक मुलगा सरळ म्हणाला, "सर, आम्हाला विचारलं होतं कुणी?"

त्याला उत्तर देता आले नाही. पुढे विनयपिटक वाचताना दब्ब मल्लपुत्त या भिक्खूची कथा पुन्हा समोर आली, आणि मला माझी यादी आठवली.

तथागत राजगृहाच्या वेळुवनात होते. दूरदूरचे भिक्खू येत, त्यांना निवाऱ्याची जागा आणि भोजनाची घरे नेमून द्यावी लागत. हे काम आपण करावे असे दब्बाच्या मनात आले. त्याने ते तथागतांना सांगितले. तथागतांनी त्याला परस्पर नेमले नाही. आधी त्याची संमती विचारावी, मग संघापुढे ठराव मांडावा, कोणाची हरकत असेल त्याने बोलावे, अशी रीत घालून दिली. ज्याच्या शब्दाखातर राजे उठून उभे राहत, त्यानेही कामाला माणूस लावताना आधी त्या माणसाला विचारायला लावले आणि नंतर सर्वांना! आणि आपण?

दब्बाची कामाची पद्धतही पाहण्यासारखी आहे. सुत्ते म्हणणाऱ्यांना तो एकत्र जागा देई, विनय जाणणाऱ्यांना एकत्र, ध्यान करणाऱ्यांना निवांत ठिकाणी. गप्पा मारणारे आणि शरीर कमावणारे भिक्खूही होते. त्यांना त्याने हाकलले नाही, त्यांचीही जागा एकत्र केली. (आमच्या तालमीतल्या मुलांना मी या वर्षी मांडवाच्या वाशांवर लावले आहे, तेही खूश आणि मांडवही.) रात्री उशिरा येणाऱ्यांपुढे दब्ब स्वतः चालत जाई. त्याच्या बोटातून प्रकाश पडे असे ग्रंथ सांगतो. चमत्काराचा भाग सोडून द्या. तिथे पोहोचल्यावर तो काय दाखवी ते पाहा: हा पलंग, ही उशी, इकडे शौचाची जागा, हे पिण्याचे पाणी, हे वापरायचे पाणी, आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वेळ ही. लहान मूल कडेवर घेऊन आपल्या मांडवात येणाऱ्या बाईला याहून निराळे काय हवे असते? त्या गर्दीत तिला हे सांगणारा एकही बिल्लेवाला भेटत नाही. ते सारे व्यासपीठाभोवती दोरी धरून उभे असतात.

पाण्याची किंमत तरी आपण विसरता कामा नये. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत आपल्या माणसांना पाणी मिळेना, म्हणून ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. डिसेंबरच्या परिषदेच्या वेळी तर गावचे व्यापारी माल विकेनात. जागा एका मुसलमान गृहस्थाने दिली आणि दहा दिवसांचा शिधा बाहेरून आणून ठेवावा लागला. सत्याग्रहाचा इतिहास आपण भाषणांत ऐकतो, पण तो शिधा कोणी तरी मोजला होता, कोणी तरी वाहिला होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसे शुभ्र वस्त्रे नेसून शिस्तीने बसली, त्यामागेही वामनराव गोडबोले आणि समता सैनिक दलाचे सैनिक यांचे श्रम होते.

आता जे सांगायचे ते सांगताना मला लाज वाटते. गेल्या वर्षीच्या त्या समारंभात शेजारच्या गावातील एका निराळ्या समाजाच्या कुटुंबाने सकाळी दीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञा घेतल्या. दुपारी भोजनाच्या रांगेत आमच्याच एका स्वयंसेवकाने त्यांना आडनाव विचारले आणि ऐकून म्हणाला, "तुम्ही तिकडच्या पंगतीला बसा." तिकडे पंगत नव्हतीच. ती माणसे चिंचेखाली गेली, सोबतची भाकरी सोडून खाल्ली आणि निघून गेली. मी त्या वेळी पाहुण्यांचे हार मोजत होतो. संध्याकाळी कळले.

त्या मुलाला दोष देणे सोपे आहे. पण त्याच्या छातीला बिल्ला मी लावला होता, आणि लावताना त्याला एक शब्दही सांगितला नव्हता. संघाचे काम ज्याला द्यायचे तो आवडीने, द्वेषाने, मोहाने किंवा भयाने वाकडा जाणारा नसावा, असा विनयाचा दंडक आहे. शिवाय कोणाला दिले आणि कोणाला राहिले हे त्याला ठाऊक असावे. पंगतीत वाढताना आपला तो जवळचा वाटणे, ही त्यातली पहिलीच चूक. आपल्या घरातून जात गेली असे आपण म्हणतो. ती वाढप्याच्या पळीत शिल्लक आहे का, हे कोणी पाहिले?

वाटणाऱ्यावर आळ येतो, हेही आधी सांगून ठेवले पाहिजे. दब्बावरही आला. मेत्तिय आणि भुम्मजक यांना एका घरी कण्यांचा भात आणि आंबील मिळाली. हे दब्बानेच केले असे समजून त्यांनी त्याच्यावर घाणेरडा आरोप रचला. तथागतांनी संघासमोर चौकशी केली, दब्ब निर्दोष ठरला. म्हणून भांडाराची वही उघडी ठेवा. ती दोघांच्या हाती असू द्या, त्यात एक भगिनी असू द्या. आणि भगिनींना केवळ चुलीपाशी बसवू नका. मांडवात बायकांच्या बाजूला पुरुष स्वयंसेवक ढकलाढकल करतात, ते याच वर्षी थांबले पाहिजे.

यंदा मी यादी लावलेली नाही. दारोदार जाऊन विचारतो आहे. २३ जणांनी होकार दिला, ४ जणांनी तोंडावर नकार दिला, तोही मला बरा वाटला. तो मुलगा स्वतः आला आणि माझ्याबरोबर शेजारच्या गावी त्या कुटुंबाकडे चालत आला. त्याने हात जोडून क्षमा मागितली. घरच्या आजोबांनी पाणी दिले, फार बोलले नाहीत. मी त्यांच्या सुनेला विचारले, यंदा भोजनाचे वाटप तुम्ही पाहाल का? ती म्हणाली, घरात विचारून सांगते. अजून निरोप आलेला नाही. रविवारी पुन्हा जाणार आहे.