आखाजीचा तयार घास

अक्षय्य तृतीयेस, म्हणजे खान्देशी बोलीत आखाजीस, जळगाव-धुळ्याकडे पितरांच्या नावाने घागर भरून आगारीत, म्हणजे पेटत्या निखाऱ्यांवर, घास टाकण्याचा जो दस्तूर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्या घासातले पुरण पाकिटातल्या तयार मिश्रणाचे असले तर तो पितरांस पावेल काय, असा सवाल वडीलधारी मंडळी करतात.

चुलीवर पालथे घातलेले खापर रसरसून तापले असता, मांड्यासाठी सैल कणकेचा पुरणभरला गोळा दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत पसरवून अलगद त्यावर टाकणारी गृहिणी ज्याने पाहिली, त्याला या शंकेचे मर्म कळते. परंतु जाते अडगळीत जाऊन गिरणीचे पीठ आले, त्यावर आज कोणाची हरकत नाही. आणि शुचितेचा आग्रह धरणारे पुरुष बहुधा पाटावर बसलेले असतात, खापरापाशी नव्हे! गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंताने मागितले ते पान, फूल, फळ आणि पाणी. त्यांत शिजवलेले काहीच नाही. तथापि पितर भगवंताइतके निरिच्छ नसावेत. त्यांचे नाते घरच्या चुलीशी, एखाद्या हाताच्या चवीशी असते. म्हणून विकतचा मांडा, तोही गल्लीतल्या एखाद्या राबत्या बाईने हातावर वाढवलेला, मला त्याज्य वाटत नाही. पाकिटाला मात्र तो मान द्यावयास मन कचरते.