पांढऱ्या डागापाशी थोडा वेळ

पाऊस ओसरल्यावरची, भाद्रपद-आश्विनातली सकाळ असू द्या. भोरहून वरंध घाटाकडे जाताना नीरा-देवघरचं पाणी बराच वेळ सोबत करतं, त्या वाटेवर कुठेही थांबा. किंवा वेल्ह्याच्या बाजूला पानशेतमागे, शिरकोलीच्या शिरकाईच्या देवराईत. एक झाड निवडा, आंबा किंवा जांभूळ, साल फार न भेगाळलेलं. ऐन नको, त्याच्या खवल्यांवर नजर ठरत नाही. खोडापासून हातभर अंतरावर बसा. श्वासाकडे लक्ष द्यायची गरज नाही. नजर सावकाश झाली की पुरे.

खोडावर पांढरट, राखी, फिकट हिरवे डाग दिसतील. आजवर तुम्ही त्यांना सालीचाच रंग समजत आला असाल. त्यातला एकच डाग घ्या आणि त्याची कड शोधा. बोट लावू नका, डोळ्यांनीच कडेकडेने फिरा. कुठेतरी दुसरा डाग येऊन भिडलेला असेल आणि दोघांच्या मध्ये केसाएवढी काळी रेघ असेल. बांधच तो. अलीकडे एक लायकेन, पलीकडे दुसरं. वर्षाकाठी मिलिमीटरच्या हिशेबाने पुढे सरकत दोघं इथे येऊन थांबली आहेत. त्या रेघेपाशी तुम्हीही जरा थांबा.

गोड्या मसाल्यातलं दगडफूल ह्यांच्याच गोतावळ्यातलं. ते पानासारखं सुटं वाढतं. हे सालीत इतकं मुरलेलं असतं, की सालीचा कपचा काढल्याशिवाय हाती लागत नाही. आत बुरशी आणि शैवाल एकत्र नांदतात. ह्या डागांतलं शैवाल बहुधा ट्रेन्टेपोलिया: हिरव्या शैवालांपैकी, पण रंगाने नारिंगी. घाटातल्या ओल्या भिंतींवर आणि खोडांवर तेच मोकळं वाढलं, की गेरू फासल्यासारखं दिसतं. लायकेन म्हणजे दोन जिवांची जोडी, हे वनस्पतिशास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी १८६० च्या दशकाअखेरीस मांडलं, तेव्हा लायकेनच्या अभ्यासातल्या नायलँडरसारख्या दिग्गजाने ते धुडकावून लावलं. गंमत अशी, की लायकेन ओळखायला आजही वापरतात त्या रसायनाच्या थेंबांच्या चाचण्या ह्याच नायलँडरच्या. माणूस एका बाबतीत साफ चुकतो आणि दुसऱ्या बाबतीत शतकभर पुरतो.

आता भिंग असेल तर डोळ्याला लावा आणि मान पुढे न्या. डागावर काळ्या रेघा आहेत का? कुठे आखूड, कुठे लांब, कुठे फाटे फुटलेल्या? असल्या तर हे बहुतेक ग्राफिडेसी कुळातलं. रेघ म्हणजे बुरशीचं फळ. तिला दोन ओठ असतात आणि मधे फट. ओठ मिटलेले आहेत की विलगलेले? नितळ आहेत की त्यांवर लांबट खाचा? काळेपणा नुसता वर आहे की तळापर्यंत गेलाय? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथे बसून मिळणार नाही, त्याला ब्लेडने आडवा काप घ्यावा लागतो. प्रश्न तसाच राहू द्या. देवराईत तर वाळकी काटकीसुद्धा देवीची. तिथे ब्लेड बाहेर काढूच नये.

काप घेतला जातो पुण्याला. महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीच्या आघारकर संशोधन संस्थेत लायकेनच्या अभ्यासाची पिढ्यांची परंपरा आहे. (आघारकर वनस्पतिशास्त्रज्ञ, संस्था आहे तो रस्ता मात्र गोपाळ गणेश आगरकरांचा. पत्ता सांगताना घोळ व्हायचाच.) देवरायांवर माधव गाडगीळांबरोबर काम केलेले वा. द. वर्तक इथलेच. पटवर्धन आणि कुलकर्णी यांनी १९७९ मध्ये पश्चिम घाटातल्या ग्राफिडेसीतल्या नव्या जाती प्रसिद्ध केल्या. पुढे ऊर्मिला माखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम वाढवलं. काप सूक्ष्मदर्शकाखाली जातो. बीजाणूंत नुसते आडवे पडदे आहेत की उभेही? आयोडीनने ते निळे-जांभळे होतात का? पोटॅशचा थेंब पडल्यावर पिवळा रंग येऊन मग लाल होतो का?

एवढं होऊनही त्या लायकेनला नवी जात म्हणता येत नाही. नवी जात जंगलात सापडते, असं बातमीत छापतात; मला ते कधी पटलं नाही. जंगलात सापडतो तो डाग. त्याचं नवेपण ठरतं टेबलावर, आधी नावं मिळालेल्या साऱ्या सोयऱ्यांशी एकेक करून ताडून पाहिल्यावर. ब्राझीलचा नमुना, श्रीलंकेचा नमुना, शंभर वर्षांपूर्वीचं लॅटिन वर्णन: हा तो नाही, हाही तो नाही. इतक्या ‘नाही’नंतर कधीतरी एक नाव देता येतं. मग तो कपचा कागदी पाकिटात जातो, वर झाड, गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव. त्या नावाच्या जातीची पुढची प्रत्येक शंका ह्याच तुकड्याला विचारायची.

शंका येतातच. २००२ मध्ये लायकेनच्या अभ्यासक श्टायगर यांनी ग्राफिडेसीतल्या प्रजातींची मांडणीच बदलली आणि कितीतरी जुन्या जातींची नावं दुसऱ्या प्रजातींत गेली. पुढे डीएनए आला, आणखी हलवाहलव झाली. अशा वेळी जुनं पाकीट पुन्हा उघडतात, आणखी एक काप घेतात, तुकडा तेवढा लहान होतो.

भिंग अजून हातात आहे ना? आता त्याच डागाच्या शेजारचा घ्या, तो जरा हिरवट आहे तो. रेघा आहेत की नुसते ठिपके? ठिपके असतील तर कुळच वेगळं असू शकतं. पुन्हा कडेपासून सुरुवात करा.