त्याला गायचं नव्हतं

बिल विदर्स या अमेरिकन सोल गायकाच्या म्हातारपणातल्या मुलाखती सलग ऐकल्या की एक गंमत लक्षात येते. रेडिओ केंद्र बदलतं, विचारणारा बदलतो, प्रश्न मात्र तोच राहतो. मध्येच कधीतरी, सांत्वनाला गेल्यासारखा आवाज खाली आणून समोरचा विचारतो, तुम्ही गाणं का सोडलंत? त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, आठवण येत नाही का? विदर्स हसतो, काहीतरी तिरकस बोलतो आणि सांगतो की बरं चाललंय. घर आहे, बायको आहे, मुलं मोठी झाली, टीव्ही बघतो.

इथे ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. माझाही पडला होता. का पडला, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं आणि ते कळून घ्यायचं म्हणून हे लिहितेय.

आधी माणूस कोण ते सांगते. नाव ओळखीचं नसलं तरी ‘एन्ट नो सनशाइन’, ‘लीन ऑन मी’, ‘लव्हली डे’, ‘जस्ट द टू ऑफ अस’ यातलं एखादं गाणं तुमच्या कानावरून गेलेलं असणार, निदान रीलच्या मागे तरी. जन्म १९३८ चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क या कोळशाच्या खाणींच्या गावचा. सहा भावंडांत धाकटा. बोलताना अडखळायचा. १३ वर्षांचा असताना वडील गेले. मोठा झाल्यावर नौदलात ९ वर्षं काढली. १९६७ मध्ये लॉस एंजेलिसला आला आणि विमानांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात चिकटला. तिथे तो बोइंग ७४७ विमानांतल्या संडासांवर काम करायचा. पगारातून पैसे बाजूला काढून स्वतःची गाणी रेकॉर्ड करून घ्यायचा.

पहिला अल्बम ‘जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम’ १९७१ मध्ये आला तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. मुखपृष्ठावरचा फोटो कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत काढलेला आहे. हातात डबा. नोकरी त्याने लगेच सोडली नाही, कारण गाण्याच्या धंद्याचा त्याला भरवसा वाटत नव्हता. ‘एन्ट नो सनशाइन’मध्ये एक दोन शब्दांचा तुकडा तो २६ वेळा म्हणतो. तिथे त्याला अजून ओळी लिहायच्या होत्या, पण स्टुडिओतल्या मुरलेल्या वादकांनी सांगितलं की असंच राहू दे. राहिलं. पुढच्याच वर्षी त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं.

१९८५ मध्ये शेवटचा अल्बम आला. त्यानंतर नवा अल्बम नाही, दौरे नाहीत. ३० मार्च २०२० रोजी तो गेला, ८१ व्या वर्षी. हिशेब केला तर गाण्याची १४ वर्षं भरतात आणि न गाण्याची ३५.

आता चाहत्यांचं म्हणणं काय असतं ते बघू. माझ्या रूमवर आम्ही तिघी-चौघी अशी एक मुलाखत ऐकत होतो. माझी रूममेट तिसऱ्याच मिनिटाला वैतागली. ‘‘एवढा आवाज देवाने दिला आणि हा टीव्ही बघतोय! हे त्याच्या एकट्याचं होतं का?’’ दुसरी म्हणाली, ‘‘आपण त्याला मोठं केलं ना? मग काहीतरी लागतो की तो आपलं.’’

दोन्ही वाक्यं सहज आलेली आहेत आणि दोन्हींत एकेक पूर्ण सिद्धांत लपलाय. पहिला म्हणतो, गुण ही देणगी आहे, देणाऱ्याने ती वाटण्यासाठी दिली, साठवून ठेवायला नाही. दुसरा म्हणतो, गायक आपला ऋणी आहे.

दुसऱ्याशी आधी झटापट करते, कारण तो आपल्या भाषेतच मुरलेला आहे. आपल्याकडे रंगमंचावरून प्रेक्षकांना ‘रसिक मायबाप’ म्हणतात. शब्द गोड आहे, पण जरा उलगडून बघा. मायबाप म्हणजे ज्यांचं ऋण फिटत नाही असे. टाळी वाजवली, तिकीट काढलं, आणि एवढ्यावर आपण कुणाचे आईवडील झालो? मी ‘लव्हली डे’ पाचशे वेळा तरी ऐकलं असेल. त्याच्या शेवटाकडे एक सूर तो १८ सेकंद धरून ठेवतो, आणि परीक्षेच्या सकाळी त्या सुरावर मी हॉस्टेलचा जिना उतरलेली आहे. या व्यवहारात कोण कुणाचं लागतं? उतराई व्हायचंच असेल तर मी व्हायला हवं. ऋणकोनेच सावकारासारखा तगादा लावावा, तसा प्रकार आहे हा.

देणगीचा मुद्दा जास्त अवघड आहे. तो खोटा आहे असं मला म्हणवत नाही. एखादी डॉक्टर प्रॅक्टिस सोडून स्वस्थ बसली तर आपल्यालाही खटकतं. पण डॉक्टर नाही म्हणाली तर समोर एक आजारी माणूस असतो. विदर्स गायला नाही म्हणून नेमकं कोण तळमळलं? जी गाणी त्याने १९८६ नंतर केली असती, ती नाहीतच. त्यांना नाव नाही, चाल नाही. जे कधी जन्मलंच नाही त्याचं सुतक मी धरून बसते आणि त्याचा दोष एका जिवंत, समाधानी म्हाताऱ्यावर टाकते. हे लिहून काढल्यावर विचित्र दिसतं, पण ऐकताना अगदी खरं वाटतं.

आणि ती देणगी नक्की कशाची होती? ‘लीन ऑन मी’ स्लॅब फोर्कमधून आलं, जिथे शेजाऱ्याला शेजाऱ्याचा आधार घ्यावाच लागायचा. ‘ग्रँडमाज हँड्स’ आजीच्या हातांमधून आलं. बत्तीस वर्षं हा माणूस गायकच नव्हता. खाणकामगारांच्या गावातला पोरगा होता, नौसैनिक होता, कामगार होता. त्याची गाणी त्या न गाण्याच्या वर्षांमधून आली. मग पुन्हा न गाणाऱ्या आयुष्यात परत जाणं म्हणजे वाया जाणं कसं?

असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली असती. पण मध्येच शेरॉन जोन्स आठवते. न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात पहारेकरी म्हणून काम केलेली बाई. पहिला अल्बम आला तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. २०१३ मध्ये कर्करोग निघाला, केमोथेरपी घेतली, आणि केस गेलेल्या डोक्याने ती स्टेजवर नाचली. २०१६ मध्ये गेली. तसाच चार्ल्स ब्रॅडली. जेम्स ब्राऊनची नक्कल करून पोट भरायचा, पहिला स्वतःचा अल्बम २०११ मध्ये, वयाच्या ६२ व्या वर्षी आला. कार्यक्रमाच्या शेवटी स्टेजवरून खाली उतरून लोकांना मिठ्या मारायचा. त्यांच्यासमोर विदर्स थंड वाटतो. आणि चाहते हीच तुलना करतात, बघा ती मरेपर्यंत गायली!

गायली, कारण तिला गायचं होतं. शिवाय बँडमधल्या लोकांची चूलही तिच्या दौऱ्यांवर पेटायची. विदर्सचं तसं नव्हतं. ‘लीन ऑन मी’ १९८७ मध्ये क्लब नूव्हो या गटाने गायलं आणि ते पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं. १९९६ मधल्या ‘नो डिगिटी’त ‘ग्रँडमाज हँड्स’चा तुकडा वापरलाय. गाण्यांचे हक्क आणि त्यांचा हिशेब त्याची बायको मार्शा सांभाळायची. थोडक्यात, त्याला गप्प बसणं परवडत होतं. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण ज्यांना परवडत नाही अशा कित्येक जुन्या गायकांच्या साठीनंतरच्या दौऱ्यांना आपण ‘कलेवरचं प्रेम’ म्हणून मोकळे होतो.

आता मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. मुलाखतीतला तो प्रश्न आला की मी कान टवकारते, ते उत्तरासाठी नाही. मला त्याचा आवाज एकदा कापायला हवा असतो. एक क्षण तरी त्याला हळहळ वाटावी. त्याने नवी गाणी द्यावीत हा हट्ट मी सोडू शकते, पण जे माझ्यासाठी इतकं मोठं होतं ते त्याच्यासाठी ‘एक काळ होता’ एवढंच असावं, हे सोसत नाही. आपलं प्रेम एकतर्फी निघालं की जसं होतं तसंच होतं हे. चाहत्यांच्या रागामध्ये बराचसा भाग याचा असतो, असा माझा दाट संशय आहे. देणगी, ऋण वगैरे नंतर जमवलेले युक्तिवाद.

तो स्वतः सांगायचा तो एक किस्सा आहे. लॉस एंजेलिसमधल्या एका खानावळीत चर्चमधून आलेल्या काही बायका त्याच्या गाण्याविषयी बोलत होत्या. तो म्हणाला, मीच बिल विदर्स. त्यातली एक म्हणाली, तू कसला, तू तर बिल विदर्स असण्यापेक्षा उजळ आहेस! त्या बाईजवळ तिचा बिल विदर्स होता. समोर बसलेल्याची तिला गरज नव्हती.

इथवर मी त्याच्या बाजूने बोलतेय. पण हे सगळं मी माझ्या आत्याच्या बाबतीत बोलू शकत नाही.

आत्या सांगलीची. लग्नाआधी नाट्यसंगीत गायची, छोट्या बैठका करायची. लग्नानंतर थांबलं. घरात कुणी ‘गाऊ नको’ म्हणालं नाही, असं सगळे सांगतात. फक्त तंबोरा माळ्यावर गेला, कारण खोलीत जागा नव्हती. आता ती सत्तरीत आहे आणि विचारलं की म्हणते, ‘‘नाही गं, मला काही वाटत नाही त्याचं.’’ वाक्य जवळजवळ तेच, जे विदर्स रेडिओवर म्हणतो. त्याचं मी स्वातंत्र्य म्हणून ऐकायचं आणि तिचं दडपण म्हणून?

आणि विदर्सचं तरी निखळ स्वातंत्र्य होतं का? १९७५ मध्ये त्याची पहिली कंपनी बुडाली. नव्या, बड्या कंपनीत त्याची गाणी नाकारली जाऊ लागली. तिथले गोरे अधिकारी त्याला काळ्या लोकांचं संगीत कसं असावं ते शिकवायचे, एल्विसचं गाणं गा म्हणायचे. १९७८ नंतर एकट्याचा पुढचा अल्बम यायला १९८५ उजाडलं. म्हणजे दार आधी बाहेरून ढकललं गेलं, मग त्याने आतून कडी घातली. तीस वर्षांनी मुलाखतीत तो ‘बरं चाललंय’ म्हणतो तेव्हा त्यात ढकलणारे हातही असतात आणि त्याची स्वतःची कडीही असते. वेगळं करून दाखवा म्हटलं तर त्यालाही जमलं नसतं.

म्हणून मला वाटतं, माणूस स्वतःच्या आयुष्याविषयी जे सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा, पण दार कुणी ढकललं हा प्रश्न सोडायचा नाही. फक्त तो त्याला नाही, ढकलणाऱ्यांना विचारायचा. विदर्सला ‘का सोडलंत’ असं विचारणारे खूप भेटले. गाणी परत पाठवणाऱ्या अधिकाऱ्यांची कुणी अशी हळव्या आवाजात मुलाखत घेतल्याचं मी ऐकलेलं नाही.

आत्याला मी एकदा म्हटलं, ‘‘आत्या, माझ्यासाठी तरी गा ना.’’ तिने भाजी निवडता निवडता विचारलं, ‘‘तुला गाणं ऐकायचंय, की मी गायलेलं बघायचंय?’’ मला उत्तर सुचलं नाही. मी तिच्या हाताखालची जुडी ओढून घेतली आणि आम्ही दोघींनी मेथी निवडली.

२०१५ मध्ये क्लीव्हलंडला विदर्सला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. स्टीव्ही वंडरने त्याचा सन्मान केला आणि त्याचं गाणं गायला. मग जॉन लेजंडही आला, ‘लीन ऑन मी’ सुरू झालं, आणि त्या सगळ्यांच्या आवाजात विदर्सने आपला थोडासा आवाज मिसळला. एकट्याने नाही. चाहते अजून तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावतात आणि नेमका त्याचा आवाज कोणता ते शोधतात. मीही हेडफोन लावून शोधलाय, व्हॉल्यूम पूर्ण वाढवून, तीनदा.